गाडीवरचं जुनं रेडियम काढताना

मागच्या महिन्यात प्रभागसंघाच्या बैठकीत तीन वेगवेगळ्या गटांच्या बायकांनी मला एकच गोष्ट विचारली. आमच्या जेवणाच्या ट्रॉलीवरचे स्टिकर फाटलेत, उडालेत, गाडी भिकार दिसते, काय करायचं? एका गटाने तर ट्रॉली विकायचीच ठरवली होती. म्हणून आजच्या बोलण्यात तेवढा एकच विषय घेते. जुने स्टिकर कसे काढायचे आणि नवे कसे लावायचे. आमच्या गटाने हे काम स्वतःच्या हाताने केलंय, त्यामुळे पुस्तकातलं नाही सांगत.

आमची ट्रॉली म्हणजे जीपच्या मागे जोडायची पत्र्याची गाडी. एका बाजूला वर उघडणारी खिडकी, आत शेगडी, भांड्यांची मांडणी आणि पाण्याची टाकी. सहाजणी मिळून आम्ही ती चालवतो. आठवडी बाजार, यात्रा, वारीच्या दिवसांत पंढरपूरच्या वाटेवर, जिथे गर्दी तिथे आम्ही. झुणका, भाकरी, ठेचा, मटकीची उसळ. घेतली तेव्हा तिच्यावर मोठ्ठं चित्र लावलं होतं, भाकरी आणि लाल ठेचा. चार उन्हाळ्यांत त्या चित्रातला लाल रंग उडाला, पिवळा उडाला आणि मागे राहिला निळा. ठेचा निळा, भाकरी निळी. एका यात्रेत एक बाई नवऱ्याला म्हणाली, "गाडीच अशी, तर आत जेवण कसलं असेल?" आणि पुढच्या गाड्यावर गेली. आमच्या अध्यक्षताईंनी ते ऐकलं. त्या दिवशी आम्ही निम्मं पीठ परत आणलं.

पेंटरला विचारलं तर त्याने सगळी गाडी घासून नवा रंग मारायचे 18,000 रुपये सांगितले. बँकेचे हप्ते चालू होते. एकदोघी म्हणाल्या, भंगारात घालू आणि मोकळ्या होऊ. पण सहा घरांची चूल तिच्यावर होती, आणि गाडीचा सांगाडा, चाकं, शेगडी सगळं ठणठणीत होतं. खराब होती ती फक्त वरची कातडी.

आधी हे स्टिकर असे का होतात ते सांगते. आपण ज्याला रेडियम म्हणतो ते असतं व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकचाच प्रकार. ते मऊ राहावं म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य घातलेलं असतं. उन्हाने ते हळूहळू निघून जातं, मग स्टिकर कडक होतो, आक्रसतो, त्याच्या कडा उचलतात आणि शेवटी पापुद्रे पडतात. ट्रॉली रोज एकाच जागी उभी राहत असेल तर दक्षिणेकडची आणि पश्चिमेकडची बाजू आधी जाते. आमचीही तशीच गेली होती. सावलीकडची बाजू जवळजवळ नवी आणि उन्हाकडची निवडुंगासारखी.

एक गंमत सांगते. रेडियम हे नाव या स्टिकरला उगाचच पडलंय. खरं रेडियम ही धातूसारखी वस्तू आहे. मेरी क्युरी नावाच्या बाईंनी नवऱ्याबरोबर ती 1898 मध्ये शोधली. अंधारात चमकायला म्हणून घड्याळाच्या काट्यांना आणि आकड्यांना रेडियमचा रंग लावत, म्हणून आपल्याकडे चमकणारं ते सगळं रेडियम झालं. अमेरिकेतल्या कारखान्यांत तो रंग लावायला तरुण मुली होत्या. ब्रशाला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायला त्यांना शिकवलं होतं. त्यांच्या जबड्यांची हाडं सडली, कित्येकजणी गेल्या. न्यू जर्सीतल्या पाचजणी कंपनीविरुद्ध कोर्टात गेल्या आणि 1928 मध्ये कंपनीला त्यांना भरपाई द्यावी लागली. आपल्या गाडीवरच्या स्टिकरमध्ये ते विष नाही, घाबरू नका. पण नाव घेताना मला त्या मुली आठवतात.

आता कामाकडे येऊ. सगळ्यात आधी गॅसची टाकी गाडीतून काढून लांब ठेवायची. हे मी पहिलं सांगते, कारण पुढे उष्णता आहे आणि स्पिरिट आहे. टाकी आत आणि वर हीट गन, असं काम कुणी करायचं नाही. मग गाडी साबणाच्या पाण्याने धुवायची आणि कोरडी होऊ द्यायची. धूळ राहिली तर पुसताना तीच पत्र्याला ओरखडते.

स्टिकर थंड असताना ओढला तर नखाएवढे तुकडे निघतात आणि गम पत्र्यावरच राहतो. गरम केला की तो मऊ होऊन लांब पट्टीत येतो. यासाठी केस वाळवायचा ड्रायर चालतो. आमच्याकडे एकीच्या मुलीचा होता. रेडियमवाल्याकडची हीट गनही मिळते, पण ती फार तापते. ती एका जागी धरली तर रंगाला फोड येतात, म्हणून सारखी फिरवत ठेवायची आणि वीतभर लांब धरायची. वीज नसेल तर जाड टॉवेल कढत पाण्यात बुडवून, पिळून स्टिकरवर दाबून धरा. वेळ लागतो, पण काम होतं. चैत्र-वैशाखात तर उन्हानेच पत्रा तापतो. मात्र भर दुपारी हे करू नका, फार तापलं की गम चिकासारखा सुटतो आणि स्टिकर तुटतो. पत्र्यावर तळहात टेकवून ठेवता येईल इतपत गरम, एवढं माप ठेवा.

कोपरा नखाने उचलायचा. नख लागत नसेल तर जुनं एटीएम कार्ड घ्यायचं. ब्लेड, सुरी, उलथणं यातलं काही नको. उलथण्याने पटकन निघतो हे खरं, पण पत्र्यावर जो चरा पडतो त्यातून पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. कोपरा सुटला की स्टिकर आपल्याकडे समोर ओढायचा नाही. तो स्वतःवरच मागे दुमडायचा आणि पत्र्याला लागून, सावकाश ओढायचा. समोर ओढला तर जुना रंगही सोबत उपसून येतो. एकीने ड्रायर धरायचा आणि दुसरीने ओढायचं, अशी जोडी लावा. आमची उन्हाकडची एक बाजू काढायला पूर्ण दुपार गेली, सावलीकडची तासाभरात झाली. घाई करणारीला भाकऱ्या थापायला पाठवा आणि हे काम निवांत स्वभावाच्या बाईला द्या. आमच्यात सगळ्यात वयस्कर काकू आहेत, त्यांनी गप्पा मारत मारत अख्खी पट्टी न तोडता काढली.

स्टिकर गेला की उरतो गम. त्यावर खोबरेल किंवा घरातलं कुठलंही तेल चोळायचं, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्यायचं आणि जुन्या सुती कापडाने पुसायचं. मऊ होऊन गोळे निघतात. उरलासुरला औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटने जातो. मात्र स्पिरिट आधी चाकाजवळ, दिसणार नाही अशा कोपऱ्यावर लावून बघायचं. कापडाला रंग लागला तर ते त्या गाडीला चालत नाही, तिथे तेलावरच काम भागवा. आणि स्पिरिट हातात असताना हीट गन, ड्रायर बंद. पेंटरकडचं थिनर कुणी सुचवेल, ऐकू नका, साध्या ऑइल पेंटला ते खरवडून काढतं. पेट्रोलने गम जातो म्हणून एका गावात बायकांनी बाटलीभर पेट्रोल आणून ठेवलेलं मी पाहिलंय. ते लगेच परत पाठवायला लावलं. जेवणाच्या गाडीवर पेट्रोल कशाला?

आणि तेल लावलं असेल तर शेवटी भांड्याच्या साबणाने दोनदा धुवायचं. तेलाचा पातळ थर राहिला तरी नवा स्टिकर धरत नाही.

आता खरी अडचण. स्टिकर निघतो, गम निघतो, पण अक्षरं जात नाहीत. भोवतालचा रंग उन्हाने फिका झालेला असतो आणि स्टिकरखालचा ताजा असतो, त्यामुळे जुनं सगळं जसंच्या तसं वाचता येतं. आमच्या गाडीवर तर जुना मोबाईल नंबर दहाच्या दहा आकड्यांसकट दिसत होता.

त्या नंबराबद्दल सांगायला हवं. गाडी घेतली तेव्हा आमच्यापैकी एकीकडेही स्वतःचा फोन नव्हता, म्हणून एका सदस्याच्या घरातल्या पुरुषाचा नंबर टाकला होता. माणूस वाईट नव्हता. पण ऑर्डर त्याच्याकडे यायची आणि तो कधी सांगायचा, कधी विसरायचा. कधी "बायका शेतात गेल्यात, आज नाही जमायचं" असं आम्हाला न विचारताच सांगून टाकायचा. एका साखरपुड्याची दीडशे माणसांची ऑर्डर अशी गेली, आम्हाला ती दोन महिन्यांनी कळली. पुढे आमच्याकडे फोन आले तरी गाडीवर तोच नंबर राहिला, कारण स्टिकर कोण बदलणार? आणि त्या सदस्याला वाईट वाटेल म्हणून कुणी विषयही काढत नव्हतं. शेवटी तिनेच बैठकीत काढला. म्हणाली, "माझ्या घरातला आहे म्हणून मीच सांगते, तो नंबर काढा." गटाच्या नावाने पैसे काढून एक साधा फोन आणि नवं सिम घेतलं. तो फोन आठवड्याआठवड्याने एकीकडून दुसरीकडे जातो आणि ऑर्डर वहीत लिहिली जाते. गाडीवर नवा नंबर लावताना आम्ही तो वेगळ्या पट्टीवर घेतला. उद्या नंबर बदलला तर तेवढीच पट्टी बदलायची, सगळं चित्र उपसायला नको.

तर जुन्या अक्षरांच्या सावलीवर उपाय दोन. एक म्हणजे रबिंग. रंगाच्या दुकानात रबिंग कंपाउंड मिळतं, ते ओल्या कापडाने गोल गोल घासलं की वरचा मेलेला थर निघून खालचा रंग उजळतो आणि फरक कमी होतो. फार घासू नका, खालचा पत्रा दिसायला लागेल. पूर्ण फरक त्यानेही जात नाही. म्हणून दुसरा उपाय, नवं डिझाइनच असं करायचं की जुनी अक्षरं त्याखाली झाकली जातील. आम्ही गाडीभोवती दोन फूट रुंद हिरवा पट्टा घेतला आणि जुना नंबर, जुनी भाकरी, सगळं त्याखाली गेलं.

कुठे गंज दिसला तर तो झाकून टाकू नका, स्टिकरखाली तो वाढतच राहतो. पॉलिश पेपरने घासा, रेड ऑक्साईड लावा, वर रंग मारा. मात्र रंग मारल्यावर तीन-चार आठवडे त्या जागी स्टिकर लावायचा नाही. रंग वरून सुकलेला दिसला तरी आतून वाफ निघत असते आणि स्टिकरला फुगे येतात. यात्रा तोंडावर असेल तर तेवढी जागा सोडून बाकीचं लावून घ्या.

रेडियमच्या दुकानात जाताना मोजमाप घेऊन जा. आम्ही वर्तमानपत्रं चिकटवून पूर्ण आकाराची पाटी गाडीवरच लावून पाहिली आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन वाचली. एक इंच उंचीचं अक्षर साधारण दहा फुटांवरून नीट वाचता येतं, असा पाटीवाल्यांचा ढोबळ हिशेब असतो. चालत्या एसटीतून दिसायला हवं असेल तर अक्षर त्या मानाने मोठं घ्या आणि शब्द कमी ठेवा. आमच्या एकीला बारा पदार्थांची नावं हवी होती. कागद लावून पाहिल्यावर तिनेच नऊ खोडली.

दुकानदाराला दोन गोष्टी विचारायच्या. छापील हवं की कटिंग? छापीलमध्ये पांढऱ्या व्हिनाइलवर शाई असते आणि ती उडते. घ्यायचंच असेल तर वर लॅमिनेशन करून घ्या. कटिंगमध्ये रंग मालातच असतो आणि अक्षरं मशीनने कापलेली असतात, ती जास्त टिकतात. आम्ही नाव आणि नंबर कटिंगचे घेतले, चित्र एकच आणि छोटं. दुसरं म्हणजे माल कुठला? स्वस्तातला जाड माल लवकर आक्रसतो. पातळ, महागातला असतो तो वळणावर, खिळ्यांवर बसतो आणि उन्हात जास्त तग धरतो. सपाट पत्र्याला मधला चालतो, सगळ्याला महागाचा कशाला?

कापायच्या आधी पडद्यावर किंवा कागदावर नमुना बघा आणि एक एक अक्षर बोट ठेवून मोठ्याने वाचा. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर गेलं की मराठी जोडाक्षरं फुटतात, रफार सरकतो. आमच्या नमुन्यात "भाकऱ्या"चं भलतंच काहीतरी झालं होतं. कापल्यावर कळलं असतं तर पैसे गेले असते. सातवी शिकलेल्या आमच्या सचिवताईंनी ते पकडलं, दुकानातल्या मुलाने नाही. अन्न नोंदणीचा 14 अंकी नंबरही असाच अंक अंक जुळवून पाहा. तुमची गाडी एखाद्या योजनेतून मिळालेली असेल तर योजनेची पाटी काढण्याआधी कार्यालयात विचारून घ्या.

लावताना सावली हवी आणि वारा नको. आम्ही देवळामागच्या शेडमध्ये लावलं, आधी खाली पाणी शिंपडून धूळ बसवली. अर्धा लिटर पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकून फवारणीच्या बाटलीत भरा. पत्रा ओला करा, स्टिकरच्या मागचा कागद काढा, चिकट बाजूवरही थोडं फवारा आणि ठेवा. ओलं असेपर्यंत तो सरकवता येतो, वाकडा गेला तरी रडायची वेळ येत नाही. मग कार्डाला मऊ कापड गुंडाळून मधून कडेकडे पाणी हाकलत न्यायचं. मोठी पट्टी असेल तर आधी मास्किंग टेपने मधोमध अडकवा, एका अर्ध्याचा कागद काढून बसवा, मग टेप काढून दुसरा अर्धा. कटिंगच्या अक्षरांवर वरून एक टेप असते, ती लगेच ओढू नका. गमाने पकड घेतली की मगच, पुन्हा तशीच मागे दुमडून काढा. अक्षर उचललं तर टेप परत दाबा आणि थोडं थांबा. फुगा राहिला तर बारीक सुईने कडेला टोचून दाबा. खिळ्यांवर ड्रायरने जरा गरम करून बोटाने बसवा. शेगडीच्या बाजूला स्टिकर लावूच नका, वाफ आणि तेल त्याला टिकू देत नाही.

मागच्या रिफ्लेक्टरच्या पट्ट्या मात्र कोरड्याच लावायच्या आणि याला कंटाळा करायचा नाही. मागे लाल, पुढे पांढरी. यात आतला बारीक काचेसारखा थर मागच्या गाडीचा उजेड तसाच परत फेकतो, तेव्हा ती गाडी आपल्याला लांबून ओळखते. आपण यात्रेहून परततो रात्री अकराला, आणि ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यावर बिनदिव्याच्या ट्रॉल्या किती असतात हे तुम्ही जाणता. आमच्या जुन्या पट्ट्या पुसून काळ्या पडल्या होत्या, तरी दिवसा कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. रात्री बॅटरी मारून बघा, म्हणजे कळतं.

एक-दोन दिवस गाडी धुवायची नाही. नंतरही सर्व्हिसिंगवाल्याला सांगा, जोराची धार स्टिकरच्या कडेवर मारू नको. दुकानातून डिझाइनची फाइल मागून घ्या आणि दोघींच्या फोनमध्ये ठेवा, पुढच्या वेळी नव्याने पैसे द्यायला नकोत.

आमचा खर्च सांगते, कारण तो सगळ्याच विचारतात. रेडियमचे 3,200, रंग आणि रेड ऑक्साईडचे 600, रबिंग आणि पॉलिश पेपरचे 350, स्पिरिट, टेप, ब्रश असं किरकोळ 450. एकूण 4,600 रुपये आणि सहाजणींचे तीन दिवस. मजुरी आम्ही वहीत वेगळी लिहिली, कारण आपल्या हातांचे पैसे लिहिलेच नाहीत तर काम फुकटात झालं असं घरी वाटतं. लाल रिफ्लेक्टरची तीनेक फूट पट्टी उरली होती. ती गावातल्या शाळेला सायकलवर जाणाऱ्या पोरींच्या मागच्या मडगार्डला लावली. अजून एकदोन सायकली राहिल्यात, त्यांच्यासाठी पुढच्या बाजाराला पट्टी आणायची आहे.